छोट्या चार्टर डिस्ट्रिक्टचा निकाल कसा वाचावा : टेक्सासमध्ये नव्याने आलेल्या पालकांसाठी

टेक्सासमध्ये येऊन अपार्टमेंट शोधायला लागलं की महिन्याभरात दोन शब्द तोंडात बसतात, आयएसडी आणि चार्टर. आयएसडी म्हणजे इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट, एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था; तिथे शाळा पत्त्यावरून ठरते. फ्रिस्को, केटी, राउंड रॉक इथली घरभाडी का चढी आहेत, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. चार्टर हीसुद्धा सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली शाळा. पण ती चालवते राज्याकडून परवाना घेतलेली संस्था, बहुधा ना-नफा. तिथे घराच्या नंबरावर प्रवेश ठरत नाही. ठरवून दिलेल्या भौगोलिक हद्दीत राहणारं कोणतंही मूल अर्ज करू शकतं आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते. अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला, टेक्सासचा १९९५ मध्ये. आज टेक्सासच्या सरकारी शाळांतल्या सुमारे ५५ लाख मुलांपैकी चार लाखांवर मुलं चार्टरमध्ये शिकतात.

मोठ्या चार्टर साखळ्यांबद्दल माहिती कुठेही मिळते. अडचण येते ती छोट्यांची. दोन-तीन इमारती, चारशे-पाचशे मुलं, एखादा विशेष अभ्यासक्रम आणि कोणीतरी ग्रुपवर टाकलेला प्रश्न : ‘ए रेटिंग आहे, घ्यावी का?’ हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. माहिती सगळी उघड आणि फुकट आहे. ती कोणत्या क्रमाने वाचायची, एवढंच शिकावं लागतं.

पायरी १ : शाळेचा अहवाल हातात घ्या

राज्याचं शिक्षण खातं म्हणजे टेक्सास एज्युकेशन एजन्सी, सगळे टीईए म्हणतात. टीईए प्रत्येक चार्टर परवानाधारकाला स्वतंत्र डिस्ट्रिक्ट मानतं. म्हणून दोनशे मुलांची एकच शाळा असली तरी तिचा डिस्ट्रिक्ट म्हणून वेगळा अहवाल निघतो, ह्यूस्टन आयएसडीसारख्या अवाढव्य डिस्ट्रिक्टचा निघतो तसाच आणि त्याच नमुन्यात. प्रत्येकाला सहा आकडी नंबर असतो. पहिले तीन आकडे काउंटीचे (हॅरिस काउंटी १०१, डॅलस ०५७), आणि चार्टर असेल तर चौथा आकडा ८. एकसारख्या नावांच्या अकॅडम्या इतक्या आहेत की नावाने शोधून भलत्याच शाळेचा निकाल वाचत बसण्यापेक्षा हा नंबर शाळेकडून मागून घ्यावा.

टीएक्सस्कूल्स डॉट गव्ह या सरकारी साइटवर शाळेचं अक्षर (राज्याने दिलेली ए ते एफ श्रेणी) आणि थोडक्यात माहिती मिळते. खरा ऐवज मात्र टेक्सास अ‍ॅकॅडेमिक परफॉर्मन्स रिपोर्ट नावाच्या लांबलचक अहवालात असतो. लोक त्याला ‘टॅपर’ म्हणतात. साधारण वर्षाअखेरीला तो येतो, त्यात आधी निकालाची पानं असतात आणि मागे ‘प्रोफाइल’ म्हणजे मुलं आणि शिक्षक यांची माहिती. बहुतेक पालक पहिली दोन पानं बघून फाइल बंद करतात. छोट्या डिस्ट्रिक्टच्या बाबतीत मी उलटं सांगेन : आधी प्रोफाइल, मग निकाल.

पायरी २ : ए ते एफ अक्षर कशाचं आहे ते समजून घ्या

२०१७ च्या कायद्याने ही अक्षरं आली. डिस्ट्रिक्टना ती २०१८ पासून मिळाली, एकेका शाळेला २०१९ पासून. तीन गोष्टींचे गुण धरले जातात : मुलांचा प्रत्यक्ष निकाल, प्रगती आणि वेगवेगळ्या गटांमधली दरी. निकाल आणि प्रगती यांपैकी जे जास्त असेल ते घेतात, त्याला ७० टक्के वजन. दरीच्या भागाला ३० टक्के.

‘जास्त असेल ते घेतात’ हा भाग लक्षात ठेवा. दोन शाळांना ए असेल आणि एकीला तो निकालावर, दुसरीला प्रगतीवर मिळाला असेल, तर त्या दोन निराळ्या शाळा आहेत. प्रगतीतही दोन वाटा आहेत. एक म्हणजे तेच मूल मागच्या वर्षीपेक्षा किती पुढे गेलं. दुसरी म्हणजे तेवढ्याच गरिबीच्या प्रमाणातल्या इतर शाळांच्या तुलनेत ही शाळा कुठे आहे. तुमचं मूल अभ्यासात आधीच पुढे असेल तर वरच्या मुलांना ही शाळा काय देते, हे तुम्हाला बघायचं असतं. मागे असेल तर प्रगतीचा आकडा अधिक मोलाचा. एका अक्षरात ही दोन्ही उत्तरं मावत नाहीत. साइटवर तिन्ही भागांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात, ते उघडून बघा.

शिवाय मागचा इतिहास वाचताना जरा सावध राहा. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला अक्षरं दिलीच नाहीत. २०२२ ला डी आणि एफ जाहीर केले नाहीत, त्यांच्या जागी ‘नॉट रेटेड’ लिहिलं. २०२३ ची अक्षरं कोर्टकज्ज्यात अडकून थेट एप्रिल २०२५ मध्ये बाहेर पडली, आणि २०२३ पासून मोजण्याचे निकषही बदलले होते. त्यामुळे ‘बी होती, सी झाली, शाळा घसरली’ असं सरळ म्हणता येत नाही. चार्टरला मात्र या अक्षरांची खरी धास्ती असते. सलग तीन वर्षं नापास ठरली तर परवाना रद्द करण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. एफ मिळालेल्या चार्टरमध्ये मूल घालताना हा हिशेब डोक्यात हवा. शाळा मध्येच बंद होणं ही तिथली घडणारी गोष्ट आहे.

पायरी ३ : टक्के बघण्याआधी पट बघा

आपल्याकडे जूनमध्ये गल्लोगल्ली ‘शंभर टक्के निकाल’ असे फ्लेक्स लागतात. किती मुलं बसली होती ते फ्लेक्सवर नसतं. टॅपरच्या निकालाच्या पानांवरही नसतं. तिथे नुसते टक्के असतात. मुलांची संख्या मागच्या प्रोफाइलमध्ये इयत्तावार दिलेली असते, आणि ती ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी घेतलेल्या पटावरून आलेली असते. दोन्ही पानं शेजारी ठेवायची.

समजा, तिसरीचा पट १८ आहे. गणितात गेल्या वर्षी ६१ टक्के मुलं अपेक्षित स्तराला पोचली, यंदा ५०. अकरा टक्क्यांची घसरण म्हणून ग्रुपवर चर्चा सुरू होईल. १८ पैकी ६१ टक्के म्हणजे ११ मुलं. ५० टक्के म्हणजे ९. फरक दोन मुलांचा, आणि तीही वेगळी मुलं, कारण गेल्या वर्षीची तिसरी आता चौथीत गेली. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप असेल, एक जानेवारीत दुसऱ्या देशातून आलेला असेल. मास्तर तेच, पुस्तकं तीच. प्लेनो आयएसडीसारख्या मोठ्या डिस्ट्रिक्टच्या तिसरीत अकरा टक्के घसरले तर ती बातमी आहे. अठरांच्या वर्गात घसरले तर तो योगायोग असू शकतो.

म्हणून छोट्या डिस्ट्रिक्टसाठी माझा नियम असा : एका इयत्तेचा एका वर्षाचा आकडा घेऊन कोणतंही मत बनवायचं नाही. ‘ऑल ग्रेड्स, ऑल सब्जेक्ट्स’ ही ओळ घ्यायची, कारण तिच्यात सर्वांत जास्त मुलं मोजली जातात. प्रत्येक टॅपरमध्ये दोन वर्षं शेजारी-शेजारी असतात. मागचे अहवालही साइटवर आहेत, ते काढून चार-पाच वर्षांची ती एक ओळ वहीत उतरवून घ्या. वर-खाली होत होत एका पट्ट्यात राहणारी शाळा आणि दरवर्षी थोडी थोडी खाली जाणारी शाळा यांतला फरक मग डोळ्याला दिसतो.

आता रकान्यांकडे. निकालाच्या तक्त्यात डावीकडून राज्य, रीजन (राज्याने पाडलेला शैक्षणिक विभाग), डिस्ट्रिक्ट असे रकाने येतात, मग आफ्रिकन अमेरिकन, हिस्पॅनिक, व्हाइट, अमेरिकन इंडियन, एशियन असे. ‘अमेरिकन इंडियन’ म्हणजे मूळनिवासी, आपण नव्हे. आपली मुलं एशियनमध्ये. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये त्या रकान्यात आकड्याऐवजी अनेकदा तारा (*) दिसतो. त्या गटात मुलं इतकी मोजकी आहेत की टक्के छापले तर कोणत्या घरचं मूल नापास झालं ते शेजारच्याला कळेल, म्हणून आकडा झाकलेला असतो. आडवी रेघ (-) असेल तर त्या गटात एकही मूल नाही. ताऱ्याचा अर्थ ‘निकाल वाईट’ असा लावू नका आणि रेघेचा अर्थ ‘माहिती लपवली’ असाही नको.

आणि आकडा असलाच, तरी ‘एशियन’मध्ये व्हिएतनामी, चिनी, फिलिपिनो, पाकिस्तानी, तेलुगू, मराठी असे सगळे एकत्र असतात. डॉक्टर आई-बापांचं मूल आणि नुकतंच निर्वासित म्हणून म्यानमारमधून आलेलं मूल एकाच रकान्यात. ‘आपल्या मुलांचा निकाल’ म्हणून तो आकडा वाचण्यात अर्थ नाही.

पायरी ४ : पटावर कोण आहे ते बघा

या पायरीला वेळ द्या. शाळेचा एकूण निकाल शाळेने काय शिकवलं यावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच दाराशी कोण आलं यावरही असतो.

काल्पनिक आकडे घेऊन बघू. शाळा क : पटावरची ८० टक्के मुलं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातली; त्यांतली ४० टक्के अपेक्षित स्तराला पोचतात आणि उरलेल्या मुलांतली ७० टक्के. शाळा ख : दुर्बल घरातली मुलं २० टक्केच, त्यांतली ३५ टक्के पोचतात, उरलेल्यांतली ६५ टक्के. आता एकूण निकाल काढा. ‘क’चा येतो ४६ टक्के, ‘ख’चा ५९. तेरा टक्क्यांनी ‘ख’ पुढे! पण गरीब मूल असो की सुस्थितीतलं, दोन्हींचं भलं ‘क’मध्ये जास्त होतंय. फक्त एकूण टक्के बघणारा पालक ‘ख’मध्ये जाईल आणि ग्रुपवर तीच शिफारसही करेल.

म्हणून ‘ऑल स्टुडंट्स’च्या ओळीवर थांबू नका. ‘इकॉन डिसॅड’ हा रकाना राज्याच्या त्याच रकान्याशी ताडून बघा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कोण, हे बहुतांशी शाळेतल्या मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवरून ठरतं, म्हणजे उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत. २०२५-२६ साठी चौघांच्या कुटुंबाला ही मर्यादा वर्षाला सुमारे ६० हजार डॉलर आहे. राज्यभर साठ टक्क्यांहून अधिक मुलं या गटात येतात, तेव्हा या शब्दाने दचकायचं कारण नाही. युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करणाऱ्या कित्येक मराठी घरांची मुलंही नियमाने त्यातच मोजली जातील.

प्रोफाइलमधली आणखी एक ओळ बघा : विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचं प्रमाण. टेक्सासने २००४ पासून डिस्ट्रिक्टना अशी मुलं ८.५ टक्क्यांवर नसावीत असा मापदंड लावला होता आणि त्यामुळे गरज असलेल्या असंख्य मुलांना मदत नाकारली गेली. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलने ते उघडकीला आणलं, २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण विभागाने राज्याने कायदा मोडल्याचं म्हटलं. त्यानंतर राज्याचं प्रमाण बरंच वाढलं. आज एखाद्या चार्टरमध्ये हे प्रमाण राज्याच्या निम्म्यावर असेल तर विचारा. कदाचित अशा मुलांचे पालकच तिथे अर्ज करत नसतील, कदाचित शाळेकडे माणसं नसतील. कायद्याने चार्टरला अपंगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही. शिस्तभंगाचा इतिहास असलेल्या मुलाला मात्र, परवान्यात तशी अट असेल तर, नाकारता येतं. निकालाची तुलना करताना हीसुद्धा एक गाळणी आहे.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. काही छोटी चार्टर्स, मधेच शाळा सोडलेल्या आणि वय वाढलेल्या मुलांना परत आणण्यासाठीच असतात. त्यांना राज्य वेगळ्या निकषांवर मोजतं. अहवालात ‘ऑल्टरनेटिव्ह एज्युकेशन अकाउंटेबिलिटी’ असा उल्लेख असेल तर तिथल्या टक्क्यांची शेजारच्या शाळेशी तुलना करू नये.

पायरी ५ : ‘पास’ म्हणजे काय ते बघा

राज्याच्या परीक्षेचं नाव स्टार. २०१२ पासून आहे. तिसरी ते आठवी वाचन आणि गणित, पाचवी-आठवीला विज्ञान, आठवीला समाजशास्त्र, आणि हायस्कूलला पाच विषयांच्या परीक्षा. निकालाचे तीन स्तर छापतात : अप्रोचेस, मीट्स, मास्टर्स. शाळेच्या माहितीपत्रकावर ‘८५ टक्के उत्तीर्ण’ असेल तर तो बहुधा अप्रोचेसचा आकडा असतो, म्हणजे काठावर आलेले धरून. इयत्तेचं आलं आहे असं म्हणायचं तर मीट्स बघावं. मास्टर्सचा आकडा जवळपास शून्य असेल, तर वरच्या मुलांना तिथे वाव कमी आहे असं समजायला हरकत नाही. फक्त अठरांचा हिशेब विसरू नका. २०२५ च्या कायद्यानुसार २०२७-२८ पासून स्टार जाऊन वर्षातून तीन छोट्या परीक्षा येणार आहेत, तेव्हा आकड्यांची साखळी पुन्हा एकदा तुटेल.

पायरी ६ : पट कुठे गळतो ते शोधा

इयत्तावार पटाचा तक्ता उभा वाचा. सहावीत ६०, सातवीत ४८, आठवीत ३३ असं दिसलं तर दोन शक्यता. शाळा नवी असेल आणि खालून भरत येत असेल. किंवा मुलं सोडून जात असतील. कोणती, ते मागच्या वर्षांच्या अहवालांतून कळतं : दोन वर्षांपूर्वी सहावीत किती होती ते बघा. तेव्हाही साठ असतील आणि आज आठवीत तेहेतीस उरली असतील, तर आठवीचा चकचकीत निकाल हा टिकलेल्या मुलांचा निकाल आहे. अक्षर ठरवतानाही ऑक्टोबरच्या पटावर आणि परीक्षेच्या वेळी त्याच शाळेत असलेलीच मुलं धरतात. मधे आलेली, मधे गेलेली त्यात नाहीत.

सोडून जाणं नेहमी शाळेच्या दोषानेच होतं असंही नाही. छोट्या चार्टरमध्ये बँड नाही, फुटबॉल नाही, ऑर्केस्ट्रा नाही, म्हणून कितीतरी मुलं सहावीला किंवा नववीला आयएसडीत परततात. चार्टरने बस द्यावी असंही बंधन नाही. आई-बाप दोघांची नोकरी सुरू झाली की रोजची ने-आण बंद पडते. अहवालात ‘मोबिलिटी’ नावाचा आकडाही मिळेल. वर्षाच्या ८३ टक्क्यांपेक्षा कमी काळ शाळेत असलेलं मूल त्यात मोजतात, आणि तो आकडा एक वर्ष मागचा असतो, हजेरीसारखाच.

पायरी ७ : शिक्षक

दोनच ओळी वाचा : शिक्षकांचा सरासरी अनुभव आणि वर्षभरात सोडून गेलेल्यांचं प्रमाण. टेक्सासच्या चार्टरमध्ये विशेष शिक्षण आणि द्विभाषिक किंवा ईएसएलचे (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारे) शिक्षक सोडले तर बाकीच्यांना राज्याचं शिक्षक-प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही. त्यामुळे अनुभवाचा आकडा इथे जास्त बोलतो. बारा शिक्षकांच्या शाळेत चार जण गेले की ३३ टक्के. पुन्हा तोच लहान संख्येचा हिशेब. पण सलग तीन वर्षं असंच होत असेल तर तो योगायोग नव्हे. मला विचाराल तर छोट्या शाळेत हा आकडा अक्षरापेक्षा जास्त सांगतो.

हायस्कूलसाठी जात असाल तर ‘सीसीएमआर’ म्हणजे कॉलेज, नोकरी, सैन्य यांसाठीची तयारी हा भाग बघा, आणि मुलं ‘तयार’ ठरली ती कोणत्या वाटेने हे विचारा. एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा), एपी (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय), ड्युअल क्रेडिट (कॉलेजातही धरला जाणारा विषय) आणि उद्योगाचं प्रमाणपत्र, सगळ्यांनी तो टिक लागतो. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचं एपी तिथे खरोखर शिकवतात का, की फक्त यादीत आहे, ते यंदाच्या वेळापत्रकात बघून घ्या.

पायरी ८ : शाळेत जा आणि हेच आकडे पुढे ठेवा

छोट्या डिस्ट्रिक्टचा एक मोठा फायदा म्हणजे मुख्याध्यापक किंवा सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा प्रमुख) प्रत्यक्ष भेटतात. त्यांना ‘तुमची शाळा चांगली आहे का’ असं विचारून काही हाती लागत नाही. असं विचारा : ‘आठवीचं गणित दोन वर्षं खाली आलंय, तिथे काय झालं?’ जे उत्तर मुलांच्या संख्येत आणि शिक्षकांच्या नावात येतं, ते ऐकण्यासारखं. ‘आम्ही प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देतो’ एवढंच आलं तर आभार मानून पुढचा प्रश्न विचारा. संचालक मंडळ इथे मतदानाने निवडलेलं नसतं, पण त्याच्या बैठका खुल्या असतात. तिथे पगार, गळती आणि इमारतीच्या कर्जाबद्दल जे बोललं जातं ते माहितीपत्रकात कधीच येत नाही. राज्य चार्टरच्या आर्थिक स्थितीलाही वेगळं मानांकन देतं, तेही बघून ठेवा.

पायरी ९ : अर्ज, सोडत आणि भाषेचा फॉर्म

बहुतेक चार्टरचे अर्ज आदल्या हिवाळ्यात सुरू होतात. जूनमध्ये विमानातून उतरलेल्या कुटुंबाला बहुधा प्रतीक्षा यादीच मिळते. म्हणून आधी पत्त्याच्या आयएसडीत नाव घाला आणि यादीत नंबर लावा. भावंड आधीपासून त्या चार्टरमध्ये असेल तर बहुतेक ठिकाणी प्राधान्य मिळतं. एच-४ व्हिसामुळे अडतं का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. सरकारी शाळेला मुलाच्या इमिग्रेशन स्थितीवरून प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा तो १९८२ चा निकाल टेक्सासच्याच टायलर शहरातल्या खटल्यातला आहे.

प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेचा फॉर्म येतो. घरात बहुतेक वेळ मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. ‘इंग्लिश लिहा, नाहीतर पोराला ईएसएलला टाकतात’ असा सल्ला हमखास मिळेल. मराठी लिहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत मुलाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी माध्यमातून आलेली पुष्कळ मुलं त्यात पार होतात आणि विषय तिथेच मिटतो. जे मूल अडखळतं त्याला मदत मिळते, वसंतात टेल्पास नावाची इंग्रजीची परीक्षा होते, आणि ते ‘इमर्जंट बायलिंग्वल’ म्हणून मोजलं जातं. पालकांना ईएसएलचे तास नाकारता येतात, टेल्पास मात्र चुकत नाही. एकाच भाषेची, एकाच इयत्तेतली अशी वीस मुलं डिस्ट्रिक्टमध्ये असतील तर प्राथमिक स्तरावर त्या भाषेत द्विभाषिक वर्ग चालवणं बंधनकारक होतं. मराठीचा पट छोट्या चार्टरमध्ये तिथवर जात नाही, त्यामुळे आपल्या वाट्याला ईएसएलच येतं.

पासपोर्ट किंवा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, भाडेकरार किंवा विजेचं बिल आणि आधीच्या शाळेच्या गुणपत्रिका इंग्रजीत एका फोल्डरमध्ये ठेवा. लसींच्या भारतीय नोंदीत हेपॅटायटिस ए आणि कांजिण्यांचे डोस बरेचदा नसतात, ते आधीच घेतलेले बरे. चार्टरमध्ये नाही जमलं, तर वर्षाच्या मध्यातही पत्त्याच्या आयएसडीला मूल घ्यावंच लागतं. फक्त नवीन शाळेत नाव लागल्याशिवाय जुनीतून काढू नका, आणि जाताना त्या वर्षाचे गुण, स्टारचा निकाल आणि असेल तर टेल्पासचा निकाल यांच्या प्रती स्वतःकडे घ्या. शाळेकडून शाळेकडे नोंदी पोचायला बराच वेळ लागतो.